वाढते वजन आणि कर्करोग : आपल्या जिल्ह्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका डॉक्टर भगिनीने केलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या आनंदाच्या दिवशी कर्करोगासारखा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मीही क्षणभर थांबले. परंतु माझ्या दवाखान्यात येऊन गेलेल्या दोन स्त्रिया मला आठवल्या आणि विषय ठरला.

पहिली आपल्याच समाजातली, चांगल्या खात्यापित्या घरातली, साठीच्या पुढची. मासिक पाळी जाऊन दहा वर्षे झालेली. वजन 86 किलो. तिला आठ महिन्यांपासून अधूनमधून रक्तस्राव होत होता. लाजेपोटी तिने सुनेला सांगितले नाही, मुलाला तर नाहीच. आली तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. दुसरी ऊसतोडणीला जाणारी, वय अवघे एकोणतीस, वजन 38 किलो. पांढरे पाणी जाते म्हणून ती कुठेतरी दाखवायला गेली. "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल," असे तिला सांगण्यात आले. तिने मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करून घेतले. माझ्याकडे आली ती कंबरदुखीसाठी. तिचे जुने कागद मी पाहिले. त्यात कर्करोगाची शंका यावी असे काहीही नव्हते.

मंडळी, एकीला भीती वाटायला हवी होती, ती निर्धास्त राहिली. दुसरीला भिण्याचे कारण नव्हते, तिला भीती दाखवून अवयव काढून घेतला गेला. दोघींचे नुकसान एकाच गोष्टीने केले, ते म्हणजे अज्ञानाने. 2019 साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी आपल्या जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. ज्या जिल्ह्यात कर्करोगाच्या नावाने इतके होऊ शकते, त्या जिल्ह्यात कर्करोग खरोखर कोणाला आणि कशाने होतो, हे शाळेच्या व्यासपीठावरून सांगितलेच पाहिजे. त्यातला आज फक्त एक धागा मी घेणार आहे : शरीराचे वाढते वजन.

यादीत सर्वांत खाली असलेला जिल्हा

रोगांची मोजदाद कशी होते, हे प्रथम पाहू. मुंबईत 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. शहरात कोणाला, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात कर्करोग झाला, याची इस्पितळा-इस्पितळांतून नोंद ठेवायची, असे हे चिकाटीचे काम. खेड्यापाड्यांसाठी तशी नोंद नव्हती. ती 1987 साली आपल्या शेजारी, बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते फिरू लागले. लोकांना रोगाची लक्षणे सांगू लागले आणि नोंदी घेऊ लागले. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि आपला बीड या जिल्ह्यांचीही नोंद होऊ लागली.

देशभरच्या अशा नोंदींचा अहवाल 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात 2012 ते 2016 या काळातील आकडे होते. वयाचा फरक हिशेबात धरून काढलेले कर्करोगाचे प्रमाण मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात वर्षाला दर लाख पुरुषांमागे सुमारे 269 होते. मुंबईत ते शंभराच्या वर होते. आणि सर्वांत खाली नाव होते उस्मानाबाद आणि बीडचे : दर लाख पुरुषांमागे सुमारे 40, दर लाख स्त्रियांमागे सुमारे 50.

बीडचे नाव मागासलेपणाच्या यादीत वाचायची आपल्याला सवय आहे. येथे मात्र तळाला असणे ही भाग्याची गोष्ट. पण लगेच हुरळून जाऊ नये. आपल्याकडे किती रोगी तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे मी रोज पाहते. म्हणून या आकड्याचा काही भाग खरा कमीपणा असेल, काही भाग नोंदीतून सुटलेल्या माणसांचा असेल.

तरीही फरक खरा आहे, असे मानायला जागा आहे. बार्शीच्या नोंदणीत सुरुवातीच्या काळात स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता, तर मुंबईत स्तनाचा. बार्शीकडच्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण मुंबईच्या स्त्रीपेक्षा कितीतरी कमी होते. एकाच राज्यातल्या बायका, मग असे का? लवकर लग्न, अधिक मुले, मुलाला दीर्घकाळ अंगावर पाजणे ही त्याची मोठी कारणे आहेत. आणि त्यांच्याच जोडीला उभे आहे शरीर. शेतात राबणारे, भाकरी खाणारे, पोटावर चरबी न साठलेले शरीर.

चरबी स्वस्थ बसत नाही

आपण समजतो, चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेले धान्य, पडून राहिले तर राहिले. तसे नाही. चरबी हा जिवंत, उद्योगी अवयव आहे. त्याची तीन कामे ध्यानात ठेवा.

पहिले असे की, पाळी बंद झाल्यावर अंडाशयातून स्त्रीरस, म्हणजे इस्ट्रोजेन, येणे जवळजवळ थांबते. पण चरबीत तो तयार होतच राहतो. चरबी जितकी जास्त तितका रस जास्त. गर्भाशयाच्या अस्तराला आणि स्तनाच्या पेशींना तो "वाढा, वाढा" असे सांगत राहतो. विश्रांतीच्या वयात पेशींना विश्रांती मिळत नाही. माझ्या पहिल्या रुग्ण स्त्रीच्या बाबतीत हेच घडले असण्याचा फार संभव आहे.

दुसरे असे की, पोटावरची चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतते. हे इन्सुलिन साखर तर आवरतेच, शिवाय पेशींच्या वाढीलाही चालना देते. ज्या वाटेने मधुमेह घरात येतो, त्याच वाटेने दुसरा पाहुणाही येऊ शकतो.

तिसरे असे की, फुगलेल्या चरबीत मंद दाह धुमसत राहतो. चुलीतल्या राखेखाली निखारा राहावा तसा. वर्षानुवर्षे असा दाह राहिला की पेशींच्या दुरुस्तीत चुका होऊ लागतात. यकृतात चरबी साठली तर तेथेही हेच.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लियों येथे आहे. तिने 2002 साली पुरावे तपासून सांगितले की लठ्ठपणाचा संबंध पाच प्रकारच्या कर्करोगांशी आहे. 2016 साली पुन्हा तपासणी केली तेव्हा ही संख्या तेरा झाली. त्यांत मोठे आतडे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशयाचे अस्तर, अंडाशय, थायरॉइड आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग हे आपल्या परिचयाचे अवयव आहेत.

अमेरिकेत 1982 पासून नऊ लाखांहून अधिक लोकांवर सोळा वर्षे नजर ठेवली गेली. 2003 साली निष्कर्ष छापले गेले. अतिशय लठ्ठ असलेल्यांमध्ये कर्करोगाने मरण्याचे प्रमाण योग्य वजनाच्या लोकांपेक्षा पुरुषांत 52 टक्क्यांनी आणि स्त्रियांत 62 टक्क्यांनी जास्त आढळले.

परदेशचे आकडे आपल्याला कसे लागू, असे कोणी विचारील. तर मुंबईच्या टाटा रुग्णालयातील संशोधकांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या सोळाशेहून अधिक स्त्रिया आणि जवळपास तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना केली. ती 2016 साली प्रसिद्ध झाली. नितंबांच्या मानाने ज्यांची कंबर मोठी, त्यांच्यात हा रोग स्पष्टपणे अधिक दिसला, मग पाळी चालू असो वा गेलेली. म्हणजे आपल्या बायकांच्या बाबतीत काट्याइतकेच टेपलाही महत्त्व आहे.

एक माणूस आणि सबंध गाव

येथे विद्यार्थी मित्रांनी जरा लक्ष द्यावे, कारण हा गणिताचा भाग आहे. फार लठ्ठ स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे सात पट असतो. ऐकून छातीत धस्स होते. पण समजा, एखाद्या ठिकाणी लाखात पाच जणींना हा रोग होतो. सात पट म्हणजे पस्तीस. उरलेल्या 99,965 जणींना तो होत नाहीच. म्हणून जाड माणसाला पाहून "याला कॅन्सर होणार" असे म्हणणे मूर्खपणाचे आहे आणि क्रूरपणाचेही. वर्गातल्या जाड मुलाला चिडवणाऱ्यांनी तर हे कायम लक्षात ठेवावे. सडपातळ माणसालाही कर्करोग होतो. कर्करोग झालेल्या कोणालाही "तूच ओढवून घेतलास" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग चिंता कशाची? चिंता गावाची. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वजनाच्या एका पायरीमागे साधारण दहाव्या हिश्शानेच वाढतो. एका बाईपुरते पाहिले तर ही वाढ किरकोळ. परंतु सबंध तालुक्यातल्या बायका एकेक पायरी वर चढल्या, तर इस्पितळातल्या खाटा भरायला तेवढे पुरेसे असते. बिंदुसरेला पूर येतो तो एका थेंबाने नव्हे, पण थेंबांखेरीज पूर येत नाही.

आणि आपण पायऱ्या चढत आहोत. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 21 जणी जादा वजनाच्या होत्या आणि 23 जणी कमी वजनाच्या. 2019-21 च्या पाहणीत जादा वजनाच्या 24 झाल्या आणि कमी वजनाच्या 19. तराजूचे पारडे फिरले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत तर दर पाच प्रौढांमागे दोघांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला.

आपल्या जिल्ह्यात ही दोन्ही पारडी शेजारी-शेजारी आहेत. दिवाळीच्या सुमारास शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, केज, वडवणीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. त्या माणसांच्या अंगावर चरबी सोडा, पुरते मांस नसते. कमी वजन हेही आरोग्य नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याला गरिबीमुळे मिळालेला बारीकपणा टिकवायचा नाही. आपल्याला कष्टाची, साध्या अन्नाची आणि चालण्याची जी सवय होती, ती पोट भरल्यावरही टिकवायची आहे. अवघड आहे ते हेच.

आपल्या घरात

माझ्या दादीच्या घरी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी-अंबाडीची भाजी असे. गोश्त आठवड्यातून एकदा, आणि तेही सात माणसांत अर्धा किलो. दळण, पाणी, धुणे सारे अंगमेहनतीचे. आज नळ आला, मिक्सर आला, दाराशी मोटारसायकल आली. फार चांगले झाले; बायांचे हाल कमी झाले. पण खाणे मात्र कष्टाच्या दिवसांतल्यापेक्षाही वाढले. भाकरीच्या जागी नान आणि पाव आले. पाण्याच्या जागी बाटलीतले गोड पेय आले. तशा एका छोट्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. चहात आपण इतकी घातली तर अम्मी कान धरील!

रमजानचेच पाहा. जो महिना भूक ओळखायला आणि आवर शिकायला, त्या महिन्यात कित्येकांचे वजन वाढते. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी भजी, समोसे, शरबत, मग जेवण, मग पुन्हा मिठाई. खजूर, फळे, पाणी, घरचे साधे जेवण आणि तरावीहला पायी जाणे, एवढे केले तरी महिना सार्थकी लागेल. पोटाचे तीन भाग करावेत, एक अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी मोकळा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती ऐकून आपण तिन्ही भाग बिर्याणीला दिले.

लग्नाच्या दावतीबद्दल बोलले तर माणसे रागावतात, म्हणून थोडक्यात बोलते. पाहुण्याच्या ताटात आग्रहाने वाढण्यात प्रेम आहे, हे मला मान्य आहे. पण त्याने "बस" म्हटल्यावर हात थांबवण्यातही प्रेमच आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, मुलींची. आपली मुलगी सातवी-आठवीत गेली की मैदानावरून घरी येते ती कायमची. शिक्षणाला आता कोणी नाही म्हणत नाही, याचा मला अभिमान आहे. पण खेळ बंद, सायकल बंद, चालणे बंद. वीस वर्षांनी हीच मुलगी गुडघेदुखी आणि मधुमेह घेऊन माझ्यासमोर बसते. चालायला जात जा म्हटले तर विचारते, "डॉक्टर आपा, कुठे चालू?" या प्रश्नाला माझ्याजवळ औषध नाही. या संस्थेजवळ आहे. आपल्याजवळ मैदान आहे, भिंत आहे, फाटक आहे. सकाळी शाळा भरण्यापूर्वी एक तास आणि अस्रनंतर एक तास हे मैदान केवळ स्त्रियांसाठी उघडे ठेवावे. मुलींचा खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी कापू नये. एवढी मागणी मी आज सर्वांच्या देखत अध्यक्ष महोदयांकडे करते. याला पैसा लागत नाही, किल्ली लागते.

घरी जाऊन काय करावे

एक टेप घ्या. बेंबीच्या रेषेत पोट न आवळता घेर मोजा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत, स्त्रीचा 80 च्या आत असावा. वजनाचा हिशेब असा : किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. आपल्या भारतीयांसाठी उत्तर 23 च्या वर गेले तर सावध व्हावे, 25 च्या वर गेले तर कामाला लागावे. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन 52 किलोच्या आसपास असेल तर ती 23 वर आहे, 56 वर गेली की 25 ला टेकली. हे गणित आठवी-नववीच्या मुलांनी घरातल्या प्रत्येकासाठी करून वहीत लिहावे, अशी गुरुजनांना विनंती.

घरात तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ देऊ नका. एक वेळ तरी भाकरी खा. रोज अर्धा तास असे चाला की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. वजन हळूहळू उतरवा. चूर्णे, काढे आणि पट्टे विकणाऱ्यांना दारात उभे करू नका. मात्र प्रयत्न न करता वजन आपोआप उतरू लागले, तर आनंद मानू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी त्याच आठवड्यात तपासणी करा. स्तनात गाठ लागली, शौचातून रक्त गेले, तरीही तसेच. ही लाज बाळगण्याची गोष्ट नाही. उलट, कोणी केवळ भीती दाखवून ऑपरेशन करायला सांगत असेल, तर तपासणीचे कागद मागा आणि सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्या.

एक गोष्ट विसरू नका. आपल्या भागात वजनापेक्षाही मोठा शत्रू तंबाखू आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे येथल्या मुलांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल. पोट कमी करून गालात तंबाखू धरणारा माणूस पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवतो.

ज्या भगिनीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिचे ऑपरेशन झाले. रोग गर्भाशयाबाहेर पसरला नव्हता, आज ती बरी आहे. तपासणीला येते तेव्हा नातीला बरोबर आणते आणि दर वेळी म्हणते, "हिला सांग सगळं, मला कोणी सांगितलं नव्हतं." ती नात याच शाळेत शिकते. आजचे हे सारे बोलणे तिच्यासाठी आणि तिच्याएवढ्या सर्वांसाठी.

देशाच्या त्या यादीत आपले नाव तळाला आहे. शिक्षणात ते वर नेऊ या. येथे मात्र ते खालीच राहू द्या.